परस्पर दिलेली उत्तरं

थोरली कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि त्या मेणात एकेक दात बसवायचा, हे काम ती चोवीस वर्षं करत होती. दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी असे. त्यातली पंधरा मिनिटं ती जेवायची आणि पाऊण तास प्लास्टरच्या खोलीत स्टुलावर बसून लिहायची. त्या खोलीत पांढरी धूळ एवढी, की कुणी फिरकत नसे. अशा पाऊण-पाऊण तासांतून सहा वर्षांत तिची कादंबरी झाली.

कादंबरी एका मुलीची होती. बाप मरायला टेकलाय, निरोपावर निरोप येतायत, आणि ती जात नाही. शेवटपर्यंत जात नाही आणि शेवटी रडतही नाही. असलं पुस्तक कोण घेणार, असं प्रकाशक छापतानाच म्हणाला होता. पण लोकांनी घेतलं, वाचलं, एकमेकांना दिलं. तीन महिन्यांत दुसरी आवृत्ती निघाली.

थोरलीचे स्वतःचे वडील गेले तेव्हा तीही गेली नव्हती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बाहेर कुणाला नाही. मुलाखतीत कुणी खोदून विचारलं की ती म्हणायची, पुस्तकातलं पुस्तकाला विचारा.

दुसरी आवृत्ती आली तसं प्रकाशकानं तिला बोलावून घेतलं. त्याचं म्हणणं असं होतं की पुस्तक फळीवर बसून विकायचे दिवस गेले, आता लेखकानंच दुकानात बसायला पाहिजे, आणि दुकान म्हणजे मोबाईल. त्यानं एका कागदावर यादी काढली. फोटोंचं ॲप. छोटे व्हिडिओ. दोन-दोन ओळी लिहायची ती जागा, जिथे लोक सकाळपासून भांडत असतात. वाचकांचे ग्रुप. स्वतःचा ब्लॉग. आणि अगदी तळाला, ज्यांनी आपला पत्ता दिलाय त्यांना महिन्याला ईमेलवर पाठवायचं पत्र. यातलं एक निवडा, तो म्हणाला. थोरलीला शेवटचं बरं वाटलं, कारण त्यात तोंड दाखवायचं नव्हतं. पण प्रकाशकानं मान हलवली. पत्रासाठी वाचकाला आपल्या दारापर्यंत चालत यावं लागतं, आणि फोटोंच्या ॲपवर तो आधीच मांडी घालून बसलेला असतो, शिवाय तुमचा वाचकवर्ग बायकांचा, आणि बायका तिथेच आहेत. व्हिडिओचं त्यानं सुचवून पाहिलं, तेव्हा ती म्हणाली, त्यापेक्षा मी भूल न घेता दाढ काढून घेईन. शेवटी फोटोंचं ॲप ठरलं. ठरलं म्हणजे त्यानं ठरवलं, आणि तिनं वाद घातला नाही. ऑफिसातल्या मुलीनं दहा मिनिटांत पान उघडून दिलं, वर तिचा एक फोटो लावला आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून हातात ठेवला.

पहिल्याच आठवड्यात साठ निरोप आले. कुणी आपल्या बापाबद्दल लिहिलं होतं, कुणी सासऱ्याबद्दल, कुणी नुसते बदाम पाठवले होते. थोरलीनं तिघींना उत्तरं लिहिली, त्यात तिचे दोन दिवस गेले, आणि तोवर आणखी वीस येऊन पडले. तिला ते वाचूनच धाप लागायची. ती धाकटीकडे गेली तेव्हा हे सगळं बोलून दाखवलं.

धाकटी बहीण तिच्याहून सात वर्षांनी लहान. डोळ्यांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसायची, आणि अनोळखी माणसाशी बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चिडून आलेला पेशंट तिच्याशी पाच मिनिटं बोलला की खुर्चीत बसून पाणी मागायचा. ती म्हणाली, दे इकडे, मी बघते. थोरलीनं चिठ्ठी काढून दिली. नक्की काय लिहू, असं धाकटीनं विचारलंही होतं. थोरली म्हणाली, लिही काहीतरी, धन्यवाद वगैरे. डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं, आणि पुढची दीड वर्षं तिनं त्या पानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्रकाशक मधूनमधून आकडा कळवायचा. आठ हजार झाले, अकरा झाले. ती बरं म्हणायची आणि पुढच्या कादंबरीच्या वहीत डोकं घालायची.

मग एका शनिवारी एका वाचनालयात तिचा कार्यक्रम झाला. पन्नासेक माणसं आली होती. बोलणं झालं, प्रश्न झाले, सह्यांसाठी रांग लागली. रांगेच्या शेवटी बसच्या ड्रायव्हरच्या गणवेशातली एक बाई उभी होती. तिच्या हातात पुस्तक नव्हतं, मोबाईल होता. सगळे पांगल्यावर ती टेबलाशी आली आणि बसली नाही.

आपण बस चालवतो, ड्यूटी संपवून थेट आलोय, असं तिनं आधी सांगितलं. मग म्हणाली, मी गेले होते मॅडम. तुम्ही सांगितलंत तशी.

थोरलीला काही कळेना. कुठे गेला होतात, असं तिनं विचारलं.

त्या बाईनं जे सांगितलं ते सरळ, एका सुरात सांगितलं, पाठ केल्यासारखं. बापाच्या मारामुळे तिनं घर सोडलं त्याला एकोणीस वर्षं झाली होती. बाप आता अंथरुणाला खिळलाय, शेवटचं येऊन जा, असे निरोप भावाकडून येत होते. तिला जायचं नव्हतं आणि न जाण्यानं झोप लागत नव्हती. मग कुणीतरी हे पुस्तक दिलं. ते वाचून, न जाणं हे पाप नाही असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तेच तिनं, आपल्याला लहान मुलगी आहे हेही सांगून, ॲपवर लिहून कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ते उत्तर तिनं मोबाईलवर उघडून थोरलीसमोर धरलं.

थोरलीचं नाव होतं, थोरलीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं: 'ताई, कादंबरीत लिहिणं सोपं असतं. मी स्वतः गेले नाही, आणि आज रोज पस्तावते. तुम्ही माझी चूक करू नका. जाऊन या. लेकरालाही घेऊन जा. बाप शेवटी बाप असतो.'

थोरलीनं ते दोनदा वाचलं. 'बाप शेवटी बाप असतो' हे वाक्य कोणाच्या तोंडचं आहे हे तिला पहिल्याच वेळी कळलं होतं.

बाई पुढे सांगत होती. नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ती गेली. दोन दिवस म्हातारा गोड बोलला. तिसऱ्या दिवशी मुलीच्या हातून त्याच्या पांघरुणावर पाणी सांडलं. त्यानं उशाचा पितळी तांब्या उचलून तिच्या तोंडावर मारला. भुवईवर चार टाके पडले.

"त्याचं मला काही वाटत नाही," बाई म्हणाली. "तो तसाच आहे, मला माहीत होतं. पण पोर रडायला लागली, रक्त यायला लागलं, आणि मी काय म्हणाले माहितीये? मी म्हणाले, आजोबांची माफी माग. माझ्या तोंडातून आलं ते. एकोणीस वर्षांनी."

थोरली म्हणाली, हे मी लिहिलेलं नाही.

"मग कुणी लिहिलंय?"

बहिणीचं नाव तिच्या ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. मला बघावं लागेल, असं काहीतरी ती पुटपुटली.

"तुमचं नाव, तुमचा फोटो," बाई म्हणाली, "आणि तुम्हाला बघावं लागेल. मी बसमध्ये माझ्या जागी दुसऱ्याला बसवलं तर माझी नोकरी जाते."

ती निघून गेली. वाचनालयाचा शिपाई खुर्च्या आवरत होता. थोरली उठली, पिशवी घेतली आणि घरी न जाता तडक धाकटीकडे गेली. वाटेत तिनं आपल्या मोबाईलवर ते पान उघडलं आणि चालता चालता, ठेचकाळत, वाचत राहिली. पस्तावा. पस्तावा. माफ करून टाका. मीही आता माफ केलंय.

धाकटी पडद्याला अस्तर लावत बसली होती. नवरा आणि मुलगा मॅचला गेले होते. थोरलीचा चेहरा बघूनच तिनं सुई पडद्यात खोचली आणि काय झालं म्हणून विचारलं. थोरलीनं बसवाल्या बाईचं सगळं सांगितलं, तांब्यासकट, टाक्यांसकट. धाकटीनं तोंडावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, हे थोरलीलाही दिसलं, आणि त्यानं तिचा राग आणखीच भडकला.

"मी धन्यवाद लिही म्हणाले होते," ती म्हणाली.

धाकटीचं म्हणणं असं, की धन्यवाद कुणाला लिहिणार. बायका जीव ओतून लिहितात, पानभर लिहितात, त्यांना काय धन्यवाद लिहायचं. तिनं प्रत्येकीला वेळ दिला. जेवायच्या सुट्टीत, बसस्टॉपवर, स्वयंपाक करताना. शेकडो जणींनी कळवलं की तुमच्या उत्तरानं बरं वाटलं. एका प्रकरणात वाईट झालं, ते फार वाईट झालं, पण म्हणून सगळंच चूक होतं का.

"मला पस्तावा होतोय हे तुला कुणी सांगितलं?"

धाकटीनं मांडीवरचा पडदा बाजूला सारला.

"माझा राग आहे तो. चाळीस वर्षं मी तो सांभाळलाय, त्याचं पुस्तक केलंय. आणि तू तो परस्पर मिटवून टाकलास. माझ्या सहीनं."

मग धाकटीही उसळली. आवाज न चढवता बोलायची तिला सवय होती, तशीच ती बोलली. बाबांचं शेवटचे अकरा महिने कुणी केलं, ती म्हणाली. कूस कुणी बदलली, कुणी भरवलं. तू आली नाहीस, बरं, नाही आलीस. पण मग तू पुस्तक लिहिलंस, आणि त्यात एक बहीण घातलीस. बापाचे पाय चेपणारी, बावळट, तीन पानांत संपणारी. लोक ते वाचून टाळ्या वाजवतात. "तू एकदा तरी विचारलंस का मला, की कसं होतं ते? तुला वाचक पण नको होते ताई. तुला फक्त पुस्तक हवं होतं. आलेली माणसं माझ्या दारात सोडून गेलीस. मग मी माझ्या पद्धतीनं त्यांचं केलं."

हे बाणासारखं लागलं, कारण खरं होतं. पण थोरली त्या वेळी खरं-खोटं तोलायच्या मनःस्थितीत नव्हती. तिनं आपली डाव्या हाताची करंगळी पुढे केली. ती मधल्या पेरापासून वाकडी होती. थोरली चौदा वर्षांची असताना बाबांनी ती दारात चिरडली होती, आणि दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांना धाकटीनं सांगितलं होतं की ताई जिन्यावरून पडली. बाबांनी वाटेत शिकवलं होतं तिला.

"तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तेव्हाचं मी कधी बोलले नाही, पुस्तकातही घातलं नाही. आता तू त्रेचाळीसची आहेस. आता कुणी शिकवलं?"

धाकटी उठून आत गेली आणि पासवर्डची चिठ्ठी घेऊन आली. दीड वर्षापूर्वीची तीच चिठ्ठी. तिनं ती टेबलावर ठेवली. मग परत सुई हातात घेऊन ती अस्तर शिवायला लागली आणि थोरली जाईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

सोमवारी थोरलीनं प्रकाशकाला फोन केला आणि झालं ते सगळं सांगून, आपण पानावर खुलासा टाकणार आहोत असं कळवलं. तो हादरला, पण तांब्याच्या प्रकारानं नाही. चौदा हजार लोक आहेत मॅडम, तो म्हणाला, असं काही जाहीर केलंत तर विश्वास उडेल. कोणता लेखक स्वतः उत्तरं देतो, सगळ्यांचं कुणीतरी दुसरंच लिहीत असतं. तुमच्या बहिणीनं जरा वैयक्तिक घेतलं, एवढंच. आपण ऑफिसातल्या मुलीला बसवू, ती मोजूनमापून लिहील.

"विश्वास तिच्यावर आहे का माझ्यावर?" थोरलीनं विचारलं.

तो म्हणाला, विश्वास पानावर आहे.

ते ऐकून तिचा जो संताप झाला, तो बहिणीवरच्या संतापाहून वेगळा होता, थंड होता. तिनं त्याला विचारलं, तुमच्या यादीतलं असं एक सांगा जिथे आलेलं पत्र मी एकटीच वाचेन आणि मला जमेल तेव्हाच उत्तर देईन, आणि उशीर झाला तर कुणी तगादा लावणार नाही. तो जरा हसला. ते तळाचं, ईमेलचं, म्हणाला, पण तिथे कोण येतंय. तिनं फोन ठेवला.

त्या आठवड्यात ती जेवणाच्या सुट्टीत कादंबरी लिहायला बसली नाही. प्लास्टरच्या खोलीत बसून तिनं दीड वर्षातली उत्तरं पहिल्यापासून वाचली. चारशेच्या वर होती. डबा उघडायचं भान राहिलं नाही. वाचताना ती मोठ्यानं शिव्या देत होती, भिंतीपलीकडे कवळ्या घासून गुळगुळीत करणाऱ्या सहकाऱ्यानं दोनदा येऊन ठीक आहे ना विचारलं. पण बरीच उत्तरं साधी होती, आणि काही, हे तिला मान्य करावंच लागलं, तिच्या हातून आली असती त्यापेक्षा चांगली होती. एका मुलीनं परीक्षेत नापास झाल्याचं लिहिलं होतं, तिला धाकटीनं चार ओळींत असं काही लिहिलं होतं की थोरलीला ते जमलं नसतं. घरच्या मारहाणीबद्दल, बापाबद्दल, परत जाण्याबद्दल लिहिलेली उत्तरं सत्तावीस निघाली. ती तिनं वहीत उतरवून घेतली.

शुक्रवारी तिनं पानावर पाच ओळी टाकल्या. पहिली तीन सोडली तर या पानावरची उत्तरं मी लिहिलेली नाहीत, माझ्या बहिणीनं माझ्या नावानं लिहिली. तिच्याकडे काम मी सोपवलं आणि पाहिलं नाही, हा दोष माझा. मी माझ्या वडिलांना भेटायला गेले नाही आणि त्याचा मला पस्तावा नाही. ज्यांना यामुळे इजा झाली त्यांना मी स्वतः लिहिते आहे. ती पत्रं लिहून झाली की हे पान बंद होईल, बोलायचं असेल त्यांनी या ईमेलवर लिहावं, उत्तर मीच देईन आणि उशिरा देईन.

लोक तुटून पडले. फसवणूक म्हणाले, ढोंग म्हणाले. मेलेल्या बापाबद्दल पस्तावा नसलेल्या बाईनं पुस्तकं लिहू नयेत, असंही एकानं लिहिलं. हे ती सोसत गेली. पण दुसऱ्या दिवसापासून एक वेगळंच सुरू झालं. बायका लिहायला लागल्या की आम्हाला ती आधीची ताईच बरी होती, तिला परत आणा. एकीनं विचारलं, तुमच्या बहिणीचं वेगळं पान आहे का. थोरलीनं मोबाईल प्लास्टरच्या पोत्यावर आपटला.

सत्तावीस पत्रं लिहायला तिला दोन महिने लागले. सगळ्यांना एकच मजकूर पाठवायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. नऊ जणींनी उत्तरं दिली. तिघी गेल्याच नव्हत्या, त्यांनी कुणाचंच ऐकलं नव्हतं. एक गेली होती, आणि बरं झालं गेले, म्हणाली. ते पत्र थोरलीनं फार वेळ समोर ठेवलं. बसवाल्या बाईचं उत्तर सगळ्यांत शेवटी आलं: 'पत्र पोचलं. खूण राहणार, असं डॉक्टर म्हणाले. मुलीला मी सांगितलं की मी चुकले, तिनं माफी मागायची गरज नव्हती. तुमचं पुढचं पुस्तक वाचीन का, ते आज सांगता येत नाही.'

प्रकाशकानं दुसऱ्या कादंबरीबद्दल पुन्हा विचारलं नाही. ईमेलच्या पत्राला त्रेसष्ट जणांनी पत्ते दिले. चौदा हजारांतून त्रेसष्ट. थोरली महिन्याला एक पत्र पाठवायची आणि रविवारी सकाळी आलेल्यांना उत्तरं लिहायची, चार-पाच, जास्त नाही.

धाकटीनं तिच्याशी तीन महिने अबोला धरला. सगळ्या जगासमोर माझं नाव घातलंस, हे तिचं दुखणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. मग एक दिवस तिनं त्याच ॲपवर स्वतःच्या नावानं, स्वतःच्या फोटोसह पान उघडलं. बाबांच्या शेवटच्या अकरा महिन्यांबद्दल ती लिहायला लागली. पाठीवरच्या जखमा कशा धुवायच्या, रात्री ते कसे घाबरायचे, आणि मी त्यांना माफ केलं. बघता बघता तिच्याकडे पाच हजार लोक जमले. थोरली ते सगळं वाचायची. प्रत्येक ओळीला तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिनं त्यावर एकदाही काही लिहिलं नाही. भाच्याच्या परीक्षेबद्दल दोघी बहिणी पुन्हा बोलायला लागल्या, पण या विषयावर नाही.

पुढे एका रविवारी ईमेलवर एका माणसाचं पत्र आलं. त्याचे वडील रुग्णालयात होते, आठ वर्षं बोलणं नव्हतं. जाऊ की नको, तुम्ही सांगाल ते करीन, असं त्यानं लिहिलं होतं. थोरलीनं उत्तराचे चार खर्डे फाडले. शेवटी लिहिलं: 'मी गेले नाही. मला पस्तावा नाही. माझी बहीण गेली, तिलाही नाही. तुमचे वडील मला माहीत नाहीत. जाल तर लेकराबाळांना घेऊन जाऊ नका आणि रात्रीचा मुक्काम करू नका. जायचं की नाही, हे मी सांगणार नाही.'

दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. तुम्ही फार कोरड्या आहात, त्यानं लिहिलं होतं, मला आधार हवा होता, आणि माझा पत्ता तुमच्या यादीतून काढून टाका.

तिनं तो काढून टाकला. बासष्ट राहिले.